तिसऱ्या दिवसाचा हुरूप : बी कॉम्प्लेक्सच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

वही सुरू. गेल्या वर्षी दोनदा बी कॉम्प्लेक्स सुरू केलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी स्वच्छ वाटलं. सकाळी उठताना अंगावर ओझं नाही, कामाला बसल्यावर चिडचिड नाही. दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवसांत गोळ्या विसरले आणि चारेक दिवसांत मरगळ परत आली.

यावरून "मला ही गोळी लागू पडते" असं मी चार जणांना सांगितलंही आहे. आता स्वतःलाच पटेनासं झालंय. कारण गोळी मी कधी सुरू करते? अगदी तळाला गेल्यावर. तळाला गेलेलं माणूस काही न करताही बहुतेक वेळा थोडं वर येतंच. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली उंचीच्या आकड्यांत हे दाखवलं होतं : फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीच्या थोडी जवळ. मूडचंही तसंच असणार.

म्हणून प्रश्न एकच ठेवते : तिसऱ्या दिवशी येणारा हुरूप गोळीतून येतो का? जीवनसत्त्वांनी आयुष्य बदलतं का वगैरे प्रश्न या वहीत नकोत.

१० जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आले. प्रयोगाचं ऐकून त्या हसल्या, पण नैराश्य तपासणारी, नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरायला लावली. ० ते २७ गुण असतात. माझे ७ आले, म्हणजे सौम्य गटात. १० च्या वर असते तर त्यांनी हा खेळ करूच दिला नसता, आणि ते बरोबरच आहे. अट घातली : दर महिन्याला प्रश्नावली पुन्हा भरायची. गुण १० वर गेले, किंवा नवव्या प्रश्नाचं (स्वतःला इजा करण्याच्या विचारांचं) उत्तर शून्याखेरीज काहीही आलं, तर वही बंद करून सरळ त्यांच्याकडे यायचं. मान्य.

रक्त दिलं. डी, बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन.

१३ जानेवारी

रिपोर्ट : बी-१२ ४१० पिकोग्रॅम, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ठीक. डी मात्र १७ नॅनोग्रॅम. बहुतेकांना पुरेशी मानली जाणारी पातळी २० आहे, त्याच्या खाली. डॉक्टरांनी रोज २००० युनिट लिहून दिले, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम (४० युनिटचा एक मायक्रोग्रॅम होतो). जेवणाबरोबर घ्यायचं, कारण ते स्निग्ध पदार्थांत विरघळतं.

माझी पहिली हाव : डी पण प्रयोगात घेऊ या! मग हिशेब केला. रक्तात डीचं जे रूप मोजतात त्याचं अर्धायुष्य दोन ते तीन आठवडे असतं. आज बंद केलं तर महिनाभराने कुठे निम्म्याखाली उतरेल. "एक आठवडा चालू, एक आठवडा बंद" हा प्रकार तिथे निव्वळ फार्स. शिवाय कमतरता आहे म्हणून दिलेलं औषध प्रयोगासाठी बंद-चालू करायचं, हे आधी मला पटत नाही आणि डॉक्टरांना तर त्याहून नाही. डी रोज, न चुकता, प्रयोगाबाहेर.

बी-१२ ची गोष्टही तशीच. त्याचा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो.

१४ जानेवारी, रात्री

झोप येत नव्हती म्हणून वाचत बसले. व्हिक्टर हर्बर्ट नावाचा अमेरिकन डॉक्टर. १९६१ च्या सुमाराला त्याने स्वतःच्या शरीरात मुद्दाम फोलेट या बी गटातल्या जीवनसत्त्वाची कमतरता तयार केली. अन्न तीन-तीनदा उकळून, पाणी फेकून, साडेचार महिने. चौथ्या महिन्यात झोप उडाली, विसरायला होऊ लागलं. पाचव्यात चिडचिड सुरू झाली. फोलिक ॲसिड (गोळीतलं फोलेट) घेतल्यावर ही मानसिक लक्षणं दोन दिवसांत गेली.

म्हणजे जीवनसत्त्वाने दोन दिवसांत मूड सुधारू शकतो! पण कोणाचा? ज्याने आधी महिनोन्‌महिने टाकी रिकामी केली त्याचा. माझी टाकी, निदान बी-१२ पुरती, भरलेली आहे. भरलेल्या टाकीत आणखी ओतलं तर काय होतं, हा वेगळाच प्रश्न आणि दुकानातल्या बाटल्या बहुतेक याच प्रश्नावर खपतात.

मोठ्या चाचण्यांचं उत्तर फारसं गोड नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत पन्नाशीपुढच्या १८,३५३ लोकांना रोज २००० युनिट डी किंवा डमी (औषधच नसलेली गोळी) दिली, पाचेक वर्षं. नैराश्यात आणि मूडच्या गुणांत फरक नाही. युरोपातल्या मूडफूड चाचणीत (२०१९) १,०२५ लोकांना ओमेगा-३, सेलेनियम, फोलिक ॲसिड आणि डी-कॅल्शियम अशी एकत्रित गोळी किंवा डमी वर्षभर दिली. नैराश्य टळलं नाही.

तरी माझ्या तिसऱ्या दिवसाचं काय, हे त्या १८ हजारांत कुणी मोजलेलं नाही. तेवढ्यासाठी ही वही.

१५ जानेवारी

आजपासून पायाभूत नोंदी. रोज रात्री साडेनऊला एक आकडा, ० ते १०, अर्धा गुण चालेल. सोबत झोपेचे तास. कालचा आकडा बघायचा नाही, म्हणून प्रत्येक दिवस वेगळ्या चिठ्ठीवर लिहून डब्यात.

२९ जानेवारी

१४ दिवस झाले. सरासरी ५.६. सर्वांत कमी ३, सर्वांत जास्त ८. एकही गोळी न घेता! ३ ते ८ एवढा झोका मी कधी धरलाच नव्हता. ८ चा दिवस जर गोळीच्या तिसऱ्या दिवशी पडला असता तर मी पुन्हा चार जणांना सांगितलं असतं.

आजपासून पहिला प्रयत्न. नवऱ्याने कॅप्सूल भरल्या : काहींत बी कॉम्प्लेक्सची पूड, काहींत नुसतं सेल्युलोज, म्हणजे औषधगुण नसलेली पूड. रोज सकाळी तो हातावर देणार.

३१ जानेवारी

प्रयत्न संपला. अडीच दिवस टिकला.

कारण एक : बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन. ते जास्त झालं की लघवीवाटे जातं आणि ती चक्क फ्लुरोसंट पिवळी होते. काही चाचण्यांत लोक गोळी खरंच घेतात का हे पडताळायला हाच गुण वापरतात. मला काल दुपारीच कळलं की कॅप्सूल खरी आहे. लपवाछपवी खल्लास.

कारण दोन : नवरा. कॅप्सूल देताना मुद्दाम खिडकीबाहेर बघतो. "अगं, मला विचारू नकोस, माझं तोंड फितूर आहे," म्हणाला. खरंच आहे.

कारण तीन मी काल नोंदवलं नव्हतं : वास. बी-१ चा तो उग्र वास कॅप्सूलच्या आवरणातूनही येतो.

४ फेब्रुवारी

नवी मांडणी. सगळा दिवस यातच गेला, पण मजा आली.

पिवळ्या रंगावर उपाय : तो लपवायचा नाही, दोन्हीकडे आणायचा. डमीत सेल्युलोजबरोबर नुसतं बी-२, बी कॉम्प्लेक्सच्या गोळीत आहे तेवढंच. मग लघवी बाराही आठवडे पिवळी. किंमत अशी की बी-२ चा परिणाम या प्रयोगात दिसणार नाही. चालेल.

वासावर उपाय : सगळ्या भरलेल्या कॅप्सूल, खऱ्या नि खोट्या, कापडी पुरचुंड्यांत वेगळ्या बांधून, उघड्या गोळ्यांच्या बरणीत दोन आठवडे ठेवायच्या. सगळ्यांनाच वास.

नवऱ्यावर उपाय : बाराही आठवड्यांच्या डब्या त्याने आधीच भरून, १ ते १२ आकडे घालून द्यायच्या. कोणत्या डबीत खरी आणि कोणत्या डबीत डमी, ते लिहिलेला किल्लीचा कागद बंद पाकिटात नणंदेकडे. ती कॅप्सूल भरत नाही आणि तो रोज सकाळी हातावर कॅप्सूल देत नाही. महिनाभराने त्यालाही क्रम आठवणार नाही, असा माझा त्याच्या स्मरणशक्तीवर विश्वास आहे.

क्रम : दोन-दोन आठवड्यांच्या सहा जोड्या. प्रत्येक जोडीत खरी आधी की डमी आधी, हे छापा-काट्यावर. जोड्या यासाठी की या काळात माझं डी हळूहळू वर चढणार, ऋतू बदलणार. सहा आठवडे सलग डमी आणि मग सहा आठवडे खरी असं केलं तर त्या चढाचं श्रेय फुकट गोळीला जाईल.

एकाच माणसावर अशी पाळीपाळीने चाचणी करणं हे काही माझं डोकं नाही. कॅनडातले डॉक्टर गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली रुग्णांसाठी ही पद्धत नीट मांडली.

५ फेब्रुवारी

शंका : एका आठवड्यात आधीचं जीवनसत्त्व शरीरातून जातं का? "पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं लगेच निघून जातात" हे अर्धसत्य आहे. बी-६ चा मोठा वाटा स्नायूंत, ग्लायकोजेन (साठवलेली साखर) फोडणाऱ्या एका एन्झाइमला चिकटून बसतो आणि आठवडेच्या आठवडे राहतो. पण माझा दावा काय होता? गोळी घेतली की तिसऱ्या दिवशी बरं, सोडली की चार दिवसांत मरगळ. इतका चपळ परिणाम असेल तर तो आठवड्याच्या पाळीत दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर एवढंच सिद्ध होईल की तो चपळ परिणाम नाही. सावकाश होणाऱ्या परिणामाबद्दल ही वही गप्प राहील.

प्रत्येक आठवड्याचे पहिले दोन दिवस मोजायचे नाहीत. तिसरा ते सातवा, पाच दिवसांची सरासरी.

६ फेब्रुवारी

निकालाचे निकष आत्ताच लिहून ठेवते, नंतर मन पळवाटा शोधतं.

गोळी "लागू पडते" असं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा सहापैकी निदान पाच जोड्यांत खरी वरचढ असेल आणि सरासरी फरक ०.७ किंवा जास्त असेल. सहाही जोड्या नुसत्या योगायोगाने गोळीच्या बाजूने पडण्याची शक्यता ६४ त १. पाच किंवा सहा पडण्याची ६४ त ७, म्हणजे साधारण नऊत एक. हे काही फार कडक नाही, म्हणून फरकाची अट जोडली.

आणखी एक कलम : दुसऱ्या रात्री अंदाज लिहायचा, "खरी" की "डमी". मोजायचे दिवस सुरू व्हायच्या आधी. आठवडा संपल्यावर विचारलं तर चांगला आठवडा गेला म्हणून "खरी" म्हणेन, मग कोंबडी आधी की अंडं, हा घोळ.

१८ फेब्रुवारी

कॅप्सूल तयार. एका गोळीची पूड मोठ्या मापाच्या दोन कॅप्सूलमध्ये मावते, म्हणजे ८४ दिवसांच्या १६८. नवऱ्याची बोटं पिवळी. "पुढच्या वेळी प्रयोग चालण्यावर कर," असा सल्ला मिळाला.

लेबल पुन्हा वाचलं : बी-३ निकोटिनामाइडच्या रूपात आहे. बरं झालं. निकोटिनिक ॲसिड असतं तर चेहरा लाल होऊन गरम वाफा आल्या असत्या आणि पुन्हा भांडं फुटलं असतं.

४ मार्च

डबी क्र. १. सुरू.

१२ मार्च

काहीच विशेष नाही. पहिल्या आठवड्यात अंदाज "डमी", या आठवड्यात "खरी". का, ते सांगता येत नाही. आतून वाटलं.

२३ मार्च

कामाचा भयंकर आठवडा. मुदत उद्याची. रात्री पाच तासांच्या वर झोप नाही. आकडे बघायचे नाहीत असं ठरलंय, पण ते वाईट आहेत हे कळायला आकडे कशाला हवेत. अंदाज "डमी" लिहिला होता, सोमवार-मंगळवारीच, आणि आता तो खरा ठरल्यासारखा वाटतोय. हा सापळा आहे हे माहीत असूनही वाटतंय.

२ एप्रिल

महिन्याची प्रश्नावली : ६.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीला वहीबद्दल कळलं. तिचा प्रश्न : एवढीशी मात्रा कशाला, बी-६ चे १०० मिलिग्रॅम घे की! तिने बातमी वाचली होती आणि बातमी खोटी नव्हती. रीडिंग विद्यापीठातल्या २०२२ च्या अभ्यासात ४७८ जणांपैकी ज्यांनी महिनाभर रोज १०० मिलिग्रॅम बी-६ घेतलं त्यांनी स्वतःच नोंदवलेली चिंता थोडी कमी झाली. कारणही सयुक्तिक आहे. मेंदूतल्या ग्लुटामेट या रसायनापासून गाबा हे दुसरं रसायन बनवणाऱ्या एन्झाइमला बी-६ लागतं आणि गाबा मेंदूतली धावपळ शांत करतं.

पण माझ्या गोळीत बी-६ आहे ३ मिलिग्रॅम. अमेरिकेत प्रौढांसाठी १०० ही वरची मर्यादा धरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली ती १२ वर आणली. मर्यादा आहे ती नसांसाठी. १९८३ साली सात रुग्णांचा अहवाल आला होता, रोज २ ते ६ ग्रॅम घेणारे. पायांची संवेदना गेली, चालताना तोल जाऊ लागला. नसांना पोसणारं म्हणून विकलं जाणारं जीवनसत्त्वच नसा बिघडवतं. ग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये हजारपटींचं अंतर आहे, मान्य. तरी दोन संस्थांच्या मर्यादांत आठपटींचा फरक असताना मी मधल्या जागेत उगाच जाणार नाही. मैत्रिणीला म्हटलं, तू घेणार असशील तर आधी डॉक्टरांना विचार, आणि बोटांना मुंग्या आल्या तर त्याच दिवशी बंद कर.

११ एप्रिल

एक सकाळ विसरले. नोंद केली. विसरलेल्या दिवशी काही वेगळं वाटलं नाही, कारण विसरलेय हेच रात्री कळलं.

२९ एप्रिल

आठ आठवडे पार. कंटाळा. साडेनऊला आकडा टाकणं हे आता दात घासण्यासारखं झालंय. एक मात्र खरं, दिवस कसा गेला असं रोज विचारलं की दिवस थोडा वेगळा दिसतो. मोजण्यानेच मोजली जाणारी वस्तू हलतेय की काय?

६ मे

प्रश्नावली : ५.

२६ मे

शेवटची कॅप्सूल.

२७ मे

नणंदेकडून पाकीट आणलं, पण आधी चिठ्ठ्या उलगडून सरासऱ्या काढल्या, मग फोडलं. नवरा शेजारी बसून "मला आठवतच नाही" म्हणत होता. ते खरं निघालं. त्याने सांगितलेला क्रम आणि कागदावरचा क्रम जुळेना.

खरी / डमी, जोडीनिहाय :
६.३ / ५.९
५.१ / ६.०
६.१ / ६.४
६.० / ५.८
६.६ / ६.१
६.२ / ६.२

गोळी तीनदा वर, दोनदा खाली, एकदा बरोबरी. सरासरी खरी ६.०५, डमी ६.०७.

थोडा वेळ दोघंही कागदाकडे बघत बसलो. दुसऱ्या जोडीतला ५.१ हा तो मुदतीचा आठवडा, तेव्हा मी खरी गोळी घेत होते! मी तर पैज लावली असती. तो आठवडा वगळला तर? नाही. ६ फेब्रुवारीला वगळण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. (गुपचूप वगळून बघितलं. उरलेल्या पाच जोड्यांत गोळी ०.१६ ने पुढे. ०.७ च्या आसपासही नाही.)

२८ मे

कालपासून डोक्यात घोळणारी गोष्ट वेगळीच आहे. पायाभूत सरासरी ५.६ होती. गोळीच्या आठवड्यांची ६.०५. जवळजवळ अर्ध्या गुणाची सुधारणा. डमी नसती तर हेच मी निकाल म्हणून सांगितलं असतं, आकड्यांसकट आणि छाती पुढे काढून. पण डमीनेही तेवढीच सुधारणा केली. काहीतरी ५.६ वरून ६ वर गेलंय आणि ते कॅप्सूलमधल्या बी-१, बी-३, बी-६ मुळे नाही. डी असेल, ऋतू असेल, रोजची नोंद असेल, किंवा गॉल्टनचा नियम, कारण वही मी पुन्हा तळालाच सुरू केली होती.

३० मे

अंदाजांचा हिशेब. १२ पैकी ५ बरोबर. छापा-काटा याहून चांगला.

आता तेच आठवडे अंदाजाप्रमाणे लावले. "खरी" वाटलेले सात आठवडे : सरासरी ६.२. "डमी" वाटलेले पाच : ५.८६. म्हणजे गोळीपेक्षा गोळीवरच्या विश्वासाने जास्त काम केलं? असं लिहायला हात शिवशिवतोय. पण त्या पाचांत मुदतीचा आठवडा आहे. तो काढला की उरलेल्या चारांची सरासरी ६.०५ होते आणि फरक ०.१५ वर येतो. गोळीच्या बाजूने जी सवलत दिली नाही ती स्वतःच्या आवडत्या सिद्धान्ताला कशी देऊ? शिवाय दुसऱ्या रात्री "खरी" लिहिताना बहुधा मी आधीच बऱ्या मूडमध्ये असेन. फक्त "दिसतं, पण टिकत नाही" एवढंच लिहिते.

झोपेचं मात्र टिकतं. ८४ पैकी १९ रात्री सहा तासांहून कमी झोप. त्यांच्या पुढच्या दिवसांची सरासरी ५.१. बाकी ६५ दिवसांची ६.३. फरक १.२, माझ्या ०.७ च्या अटीच्या कितीतरी पुढे. अर्थात इथे छापा-काटा नव्हता. कामाचा ताण झोपही खातो आणि मूडही, तेव्हा सगळा दोष झोपेवर टाकता येणार नाही.

३ जून

पुन्हा रक्त दिलं. एक खबरदारी डॉक्टरांनी आधीच सांगितली होती : बी कॉम्प्लेक्समध्ये बायोटिन असतं, मोठ्या मात्रेत ते काही रक्तचाचण्यांचे, त्यात थायरॉइडचेही, आकडे चुकवतं. माझी मात्रा लहान, आणि शेवटच्या कॅप्सूलला आठवडा झालेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. केसांसाठी म्हणून भरमसाट बायोटिन घेणाऱ्या दोन बहिणी माझ्या ओळखीत आहेत. त्यांना आजच कळवलं.

५ जून

डी ३१. थायरॉइड पूर्वीसारखंच. प्रश्नावली ५. डॉक्टर म्हणाल्या डी चालू ठेवा, ते मूडसाठी नाही, हाडांसाठी. बी कॉम्प्लेक्स बंद केलं तरी चालेल.

उघड्या गोळ्यांच्या बरणीत अजून चाळीसेक शिल्लक आहेत. नवऱ्याने विचारलं, "यांचं काय करायचं?" मी म्हटलं, राहू दे. मग लक्षात आलं, वाईट दिवस आला की मी हीच बरणी उघडणार, आणि तिसऱ्या दिवशी मला बरं वाटणार. बरणी त्याच्याकडे दिली. औषधांच्या दुकानात जुनी औषधं परत घेतात का, ते विचारायला शनिवारी तो जाणार आहे.

८ जून

पुढची वही : रात्री अकराला दिवा बंद, आठवडाआड, छापा-काट्यावर. यात डमी शक्य नाही. मोबाइल रात्री नवऱ्याच्या ताब्यात. तो आत्तापासूनच खिडकीबाहेर बघतोय.